नऊ गाड्या आणि ३८० किलोमीटर खडी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही नऊ मित्र मोटरसायकलींवर एका आडबाजूच्या गावी निघालात. डांबर संपल्यावर शेवटचे ३८० किलोमीटर सगळी खडी. साधारण निम्म्यावर एकच पंप, आणि तिथं पेट्रोल मिळेलच याची खात्री नाही. नवांपैकी तिघांनी खडीवर गाडी कधी चालवलेली नाही आणि त्या तिघांतल्या एकाच्या मागे त्याची बायको बसणार आहे. तुम्ही विचारलंय की हे अंतर एका दिवसात होईल का, टायर कोणते घालावेत आणि सगळ्यांनी एकत्र कसं राहायचं.

टायरवर तुम्ही सहा ओळी लिहिल्यात आणि एकत्र राहण्यावर एक. चौदा वर्षं असे गट नेऊन माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. टायरमुळे फसलेली सहल मला आठवत नाही. ज्या फसल्या त्या कोणी कोणासाठी कुठं थांबायचं हे निघण्याआधी न ठरवल्यामुळे. खडीवर एकट्याने जाणारा माणूस स्वतःच्या मर्जीने हळू होतो, दमला की थांबतो. गटात तोच माणूस पुढच्याच्या मागे लागतो, लाजेखातर थांबत नाही, आणि दुपारी तीन-साडेतीनला पडतो. म्हणून एकत्र राहण्याचा प्रश्न मी आधी घेतो आणि टायरचा शेवटी.

त्याआधी, कशावर काय अवलंबून आहे ते सांगून टाकतो. खडी म्हणजे एकच रस्ता नव्हे. दाबून बसलेल्या बारीक मुरमावर ताशी सत्तरने आरामात जाता येतं. सुपारीएवढी सुटी खडी नुकतीच पसरलेली असेल तर चाळीसही जास्त वाटतात. पाऊस झाला की सगळंच बदलतं. कॅनडात डॉसन सिटीजवळून इनुविकला जाणारा डेम्पस्टर हायवे घ्या. सुमारे साडेसातशे किलोमीटरचा हा रस्ता १९७९ साली खुला झाला. धूळ बसावी म्हणून त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. कोरड्यात रस्ता सिमेंटसारखा घट्ट होतो आणि भिजला की त्यावर साबण फासल्यासारखं वाटतं. ऑस्ट्रेलियातली बर्ड्सविल वाट तर पावसानंतर चक्क बंदच करतात. तेव्हा तुमच्या रस्त्यावर गेल्या आठवड्यात पाऊस पडला का आणि ग्रेडर, म्हणजे रस्ता खरवडून सपाट करणारं यंत्र, फिरला का, एवढं निघायच्या आदल्या दिवशी त्याच रस्त्यावरून आलेल्या एखाद्या ट्रकवाल्याला विचारा. कुठल्याही नकाशापेक्षा त्याचं उत्तर ताजं असतं. सोबत सामानाची चारचाकी आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नाही असं धरून चालतो, कारण ती असली तर माझ्या निम्म्या सूचना सोप्याच होतात.

आता गट. नऊ गाड्यांचा एक गट खडीवर चालत नाही. दोन करा, पाच आणि चार. दोन्ही गटांना आपापला लीडर आणि आपापला स्वीप, म्हणजे सगळ्यात शेवटी चालणारा माणूस. दोन गटांत अर्ध्या तासाचं अंतर. नवखे तिघंही एका गटात टाकू नका; दोघं एकात, एक दुसऱ्यात. हे मी एवढ्या ठामपणे सांगतो त्याचं कारण साधं हिशेबाचं आहे. एक माणूस हातमोजे काढून पाणी पिऊन परत गाडीवर बसेपर्यंत सहा मिनिटं जातात. नऊ जण एकदम थांबले की कधीच सहा मिनिटांत सुटत नाहीत. एकाचा चष्मा, दुसऱ्याची दोरी, तिसरा झुडपाआड. पंचवीस मिनिटं धरा. दिवसात असे आठ थांबे झाले की तीन तासांहून जास्त वेळ उभं राहण्यातच गेला.

लीडर कोण असावा? सगळ्यात वेगाने चालवणारा नको. आरशात बघायची सवय असलेला हवा. आणि स्वीप हा गटातला सगळ्यात पक्का रायडर हवा, कारण पडलेल्याची गाडी तोच उचलणार, पंक्चर तोच काढणार. हत्यारांची पिशवी आणि प्रथमोपचाराची पेटी स्वीपकडेच ठेवा. ती लीडरकडे ठेवणारे गट मी पाहिलेत. पंक्चर मागे, पेटी वीस किलोमीटर पुढे.

वळणांवर माणूस चुकू नये म्हणून जगभर एक पद्धत वापरतात आणि ती अगदी सोपी आहे. फाटा आला की लीडरच्या लगेच मागचा माणूस तिथं थांबतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला हाताने दिशा दाखवतो. स्वीप येऊन पोचला की हा निघतो आणि स्वीपच्या पुढे लागतो. लीडरच्या मागे आता दुसरा माणूस आलेला असतो. पुढच्या फाट्यावर तो थांबतो. असं सगळं चाक फिरत राहतं. यात एकच अट आहे आणि ती मोडली की पद्धत कोसळते: फाट्यावर उभा केलेला माणूस स्वीप दिसल्याशिवाय जागा सोडणार नाही. तासभर उभं राहावं लागलं तरी नाही. कंटाळा आला, वाटलं सगळे गेले असतील, म्हणून निघालो, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता निघण्याआधी ही एक अट प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घेतो. लोक हसतात. हसू देत.

स्वीपच्या बाबतीत मी स्वतः एकदा चूक केली, ती सांगतो. सात गाड्या होत्या, लीडर मी. दुपारच्या थांब्यावर स्वीपने विचारलं, पुढच्या टेकडीवरून सगळ्यांचे फोटो काढू का? मी म्हटलं, जा. पुढे ग्रेडर नुकताच फिरून गेला होता आणि त्याने ओढलेल्या सुट्या खडीचा लांबच लांब बांध रस्त्याच्या मधोमध पडला होता. सहाव्या गाडीचं पुढचं चाक त्यात शिरलं, गाडी कडेच्या चरात आडवी झाली आणि पॅनिअरखाली, म्हणजे बाजूच्या सामानाच्या पेटीखाली, त्या माणसाचा पाय अडकला. मी खूप पुढे होतो. सातवा म्हणजे खरं तर स्वीप, तो टेकडीवर कॅमेरा घेऊन उभा. गाड्या मोजताना त्याला एक कमी वाटली, पण धुरळ्यात नीट दिसलं नसेल म्हणून त्याने सोडून दिलं. आम्ही परत फिरून पोचलो तेव्हा पस्तीस मिनिटं झाली होती. पडलेला माणूस आडव्या गाडीखालून पाय सोडवायचा नाद सोडून, हेल्मेटची काच वर करून आकाशाकडे बघत शांत पडला होता. मला म्हणाला, "इंजिन बंद केलंय, काळजी करू नका." घोट्याला सूज होती, हाड शाबूत. त्या दिवसापासून माझा स्वीप फोटोसाठीसुद्धा पुढे जात नाही.

अंतराचं काय ते आता. डांबरावर आपण नागमोडी रांगेत, एकमेकांपासून दोन सेकंदांच्या अंतराने चालतो. खडीवर ते विसरा. इथं पुढच्याच्या धुळीतून बाहेर पडाल एवढं अंतर ठेवायचं, मग ते दोनशे मीटर असो की एक किलोमीटर. बाजूने वारा असेल तर धूळ लगेच उडून जाते, जवळ चालता येतं. वारा पाठीमागून असेल तर ढग गाडीबरोबरच चालतो. तेव्हा भरपूर मागे राहा. कोणी विचारतात की मग पुढचा दिसणार कसा? दिसायची गरजच नाही. दर वीस-पंचवीस किलोमीटरला लीडर मोकळ्या, दोन्हीकडून दिसणाऱ्या जागी थांबेल, सगळे येतील, गाड्या मोजल्या जातील, पुढे. हेल्मेटमधले इंटरकॉम आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. एवढ्या अंतरावर आणि वळणावळणाच्या रस्त्यावर आवाज तुटतो. आणि धुळीत शिरून ओव्हरटेक? कधीच नाही. समोरून येणारा ट्रक तुम्हाला दिसत नाही आणि ट्रकवाल्याला तुम्ही.

ट्रकवरून आठवलं. लांब पल्ल्याच्या खडीच्या रस्त्यावर मालक ट्रकवाला असतो, आपण पाहुणे. समोरून आला की वेग कमी करा, कडेला सरका, मान थोडी खाली घाला म्हणजे उडालेला दगड काचेवर न लागता हेल्मेटच्या कपाळावर लागेल. कडेला सरकताना मात्र अगदी टोकाच्या सुट्या खडीत शिरू नका. निम्मे नवखे तिथंच पडतात, ट्रकच्या भीतीने.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: दोन गट, पक्का माणूस मागे, फाट्यावर उभा राहिलेला हलणार नाही, धुळीबाहेर अंतर, दर वीस-पंचवीस किलोमीटरला मोजणी.

एका दिवसात होईल का? माझ्या मते नाही, आणि करूही नका. चांगल्या खडीवर नवख्यांसह गट ताशी पंचेचाळीसच्या आसपास सरकतो. ३८० भागिले ४५, म्हणजे साडेआठ तास नुसते चाकावर. त्यात थांबे तीन तास आणि एक पंक्चर पाऊण तास. बारा तासांच्या वर गेलात. सकाळी सहाला निघालात तरी शेवटचे दोन तास मावळतीच्या उन्हात जातील, आणि रस्ता पश्चिमेकडे जात असेल तर समोर सूर्य, मध्ये धूळ. काही म्हणजे काही दिसत नाही. दिवस पहिला २०० किलोमीटर, दुसरा १८०. निम्म्यावर राहायची सोय नसेल तर तंबू न्या. नऊही पक्के रायडर आणि मोठे दिवस असते तर मी वेगळं सांगितलं असतं.

आता त्या तिघांबद्दल. त्यांना सहलीच्या आधी दोन सुट्या द्या आणि एखाद्या रिकाम्या, खडी पसरलेल्या मैदानावर न्या. शिकवायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण शरीराला पटायला वेळ लागतो.

खडीवर गाडी हँडलखाली वळवळते. पुढचं चाक खडीवरून घसरून आपला मार्ग शोधत असतं, आणि ते तसं शोधू द्यायचं असतं. नवखा नेमकं उलट करतो: वळवळ जाणवली की हँडल करकचून धरतो. धरलं की चाकाला मोकळीक राहत नाही आणि वळवळीचं रूपांतर झटक्यात होतं. म्हणून पहिला धडा म्हणजे कोपर वाकलेले, बोटं सैल. मी शिकवताना सांगतो, हँडलवर बसलेल्या चिमणीला धरल्यासारखं धरा. उडू द्यायची नाही, पण मारायचीही नाही. गाडी धरायची ती गुडघ्यांनी, टाकीला आवळून. दुसरा धडा म्हणजे फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहणं. उभं राहिल्याने तुमचं वजन सीटऐवजी पेगवर, म्हणजे खाली येतं, गाडी तुमच्याखाली हलू शकते, शिवाय लांबचं दिसतं. दिवसभर उभं राहायची गरज नाही. पट्टा खराब दिसला की उभे व्हा, इतकंच.

तिसरा धडा सगळ्यात अवघड, कारण तो भीतीच्या विरुद्ध आहे. मऊ खडीत किंवा वाळूत पुढचं चाक बुडायला लागलं की थ्रॉटल (अॅक्सिलरेटर) एकदम सोडायचा नाही. सोडला की वजन पुढच्या चाकावर येतं, ते आणखी रुततं आणि तुम्ही हँडलवरून पुढे. हलका थ्रॉटल चालू ठेवला तर पुढचं चाक हलकं होतं आणि वर तरंगतं. वेग कमी करायचा तो मऊ पट्ट्याच्या आधी. आत शिरल्यावर नुसतं लांब बघायचं. चाकासमोरच्या दगडाकडे बघाल तर त्याच दगडावर जाल. हा नियम कसा चालतो देव जाणे, पण चालतो.

ब्रेकचा एक मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. खडीवर मागच्या चाकाचं एबीएस चालू असेल तर ब्रेक दाबून धरूनही गाडी थांबायला जास्त अंतर घेते, कारण चाक जरा लॉक व्हायला लागलं की यंत्रणा सोडून देते. बऱ्याच अॅडव्हेंचर गाड्यांत ते बंद करता येतं. मात्र कित्येक गाड्यांत किल्ली बंद करून चालू केली की ते आपोआप परत चालू होतं. सकाळी बंद केलंत, पाणी प्यायला थांबलात, किल्ली फिरवली, निघालात, आणि पुढच्या उतारावर पाय दाबला तर ब्रेक नेहमीसारखा लागेना. तुमच्या गाडीत कसं आहे ते घरीच बघून ठेवा. पुढचा ब्रेक दोन बोटांनी, हळूहळू वाढवत. त्या मैदानावर हे प्रत्येकी वीस वेळा करून घ्या.

रस्ता पन्हळी पत्र्यासारखा झाला असेल, आडव्या लाटाच लाटा, तर लोक सांगतील की वेग वाढवा, चाकं लाटांच्या डोक्यावरून तरंगतात, हादरा कमी होतो. ते खरं आहे. पण चाक तरंगतं म्हणजेच जमिनीला कमी टेकतं, आणि वळण आलं की पकड नसते. सरळ रस्त्यावर अनुभवी माणसाने करावं. तुमच्या तिघांनी हादरे सोसावेत किंवा कडेची सपाट पट्टी शोधावी. चारचाकींच्या चाकोऱ्या घट्ट असतात, त्यातूनच चाला. दोन चाकोऱ्यांच्या मधे खडी गोळा होते. चाकोरी बदलायची तर ती खडी जरा तिरक्या कोनात आणि निश्चयाने ओलांडा, घुटमळत नको.

आता टायर, सहा ओळींना सहा ओळी. नऊही गाड्यांना खोल खाचांचे टायर हवेत असं नाही. रस्ता दाबलेला असेल तर निम्मं डांबर, निम्मी खडी अशा वापराचे, नव्यासारखे टायर पुरतात. ओल्या मातीचा अंदाज असेल तर गोट्यांचे, म्हणजे मोठ्या सुट्या ठोकळ्यांचे (नॉबी) टायर घ्या. झिजलेला टायर मात्र कुठल्याच जातीचा नको. त्याहून महत्त्वाचा हवेचा दाब. डांबरावर मागे ३६ पीएसआय असेल तर खडीवर २६ ते २८ वर आणा, टायर गार असताना मोजून. टायर थोडा पसरतो, दगड अंगावर घेतो, पकड वाढते. पण सामान लादलेल्या ट्यूबच्या गाडीत २५ च्या खाली गेलात तर टोकदार दगडावर रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. डांबर लागलं की परत भरा. कमी हवेत वेगाने चालवलेला टायर तापतो.

पेट्रोलचा हिशेब गटातल्या सगळ्यात छोट्या टाकीचा करायचा. उदाहरण घ्या: टाकी १५ लिटर, डांबरावर लिटरला २८ किलोमीटर. खडीवर खालच्या गिअरमध्ये, चाक घसरत, तीच गाडी २३ देते. ३८० ला साडेसोळा लिटर. वर पाव हिस्सा राखीव, म्हणजे २१. टाकीच्या वर सहा लिटर. मधला पंप हिशेबात धरू नका; चालू निघाला तर चांगलंच. डेम्पस्टरवर सुरुवातीपासून ईगल प्लेन्सपर्यंत ३६९ किलोमीटर पेट्रोल नाही, आणि अलास्काच्या डाल्टन हायवेवर कोल्डफूट ते डेडहॉर्स ३८६ किलोमीटर. तिथं जाणारे सगळे हाच हिशेब करतात. जादा पेट्रोल पेट्रोलच्याच डब्यात न्या, पाण्याच्या बाटलीत नको, आणि टाकीत जागा झाल्याबरोबर ओतून टाका. वजन मागे उंचावर टांगून ठेवण्यात काही शहाणपण नाही.

पंक्चरबद्दल जरा रेंगाळतो, कारण इथं गटाचा सगळ्यात जास्त वेळ जातो. ट्यूबलेस असेल तर कानस, चिकट दोरी आणि पंप, दहा मिनिटांचं काम. ट्यूब असेल तर वेगळी गोष्ट. एकदा मी दोन चांगल्या चालवणाऱ्या मित्रांना मागचं चाक बसवताना बघत होतो. नवी ट्यूब घातली, टायर लिव्हरने, म्हणजे टायर चढवायच्या लोखंडी पट्टीने, दाबला, पंप मारला, फुस्स. लिव्हरच्या टोकाने ट्यूब चिमटली होती. दुसरी घातली, पुन्हा तेच. तिसरी शिल्लक राहिली तेव्हा दोघं माझ्याकडे बघायला लागले. चूक ताकदीची होती. टायरची कडा रिमवर चढेना म्हणून ते लिव्हरवर उभे राहत होते. खरं तर कडा चढत नाही तेव्हा समोरच्या बाजूची कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरलेली नसते. तिथं गुडघा रोवून दाबा, इकडे कडा हातानेच जवळजवळ बसते. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरा म्हणजे ती आकार धरते आणि लिव्हरखाली येत नाही. सुरुवात व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने, शेवट व्हॉल्व्हपाशी, आणि शेवटी व्हॉल्व्ह बोटाने आत ढकलून बघा, ट्यूब कडेखाली अडकली नाही ना. लिव्हरचे घास छोटे. थोडं साबणाचं पाणी. हे प्रत्येकाने घरी, सावलीत, घाई नसताना एकदा तरी केलेलं असावं. नऊ गाड्यांच्या चाकांची मापं लिहून काढा. २१ इंची पुढची ट्यूब अडीअडचणीला १८ इंची मागच्या चाकात हळू चालवत घर गाठून देते. आणि प्रत्येक गाडीच्या अॅक्सलच्या नटाला कोणता पाना लागतो ते तपासा. सगळी हत्यारं आहेत पण तो एक पाना नाही, या कारणाने मी आख्खी दुपार रस्त्याकडेला काढलेली आहे.

हादऱ्यांनी नटबोल्ट सुटतात. आरसे, कॅरिअर, नंबरप्लेट, चेनगार्ड. नव्याने आवळलेल्या महत्त्वाच्या बोल्टवर रंगाची एक बारीक रेघ ओढा, अर्धी बोल्टवर, अर्धी फ्रेमवर. संध्याकाळी रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प फार करकचून आवळू नका. पडल्यावर लिव्हर फिरावी, मोडू नये. तरी एकेक जादा लिव्हर सोबत ठेवा. एअर फिल्टर रोज संध्याकाळी झटका.

आता मागे बसणाऱ्या वहिनींबद्दल. तुम्हाला हे आवडणार नाही, पण खडीवर कधी न चालवलेल्या माणसाच्या मागे मी कोणालाच बसू देणार नाही. चालवणारा उभा राहिला की मागच्याला धरायला काही उरत नाही, सगळं जादा वजन मागच्या चाकाच्या वर उंचावर जातं, पुढचं चाक हलकं होतं, आणि नवख्याला नेमकं तिथंच कळत नाही. त्यांना यायचंच असेल तर गटातल्या सगळ्यात अनुभवी, पण स्वीप नसलेल्या माणसाच्या मागे बसवा, किंवा चारचाकीची सोय करा. त्या स्वतः चालवत असतील तर प्रश्नच मिटला. दहावी गाडी, पाच आणि पाच. सामानाबद्दल एकच: धातूच्या पेट्यांऐवजी कापडी पिशव्या. खडीत पाय टेकवला आणि गाडी पुढे सरकली की धातूची पेटी पोटरीवर मागून आदळते.

कोणी पडलंच, तर पहिलं काम गाडीकडे धावायचं नाही. एक जण येणारी वाहनं थांबवायला मागे, एक जण पडलेल्याकडे. श्वास चालू असेल तर हेल्मेट काढायची घाई नको, मान हलवू नका, बोलत राहा. त्यानंतर गाडी. इंजिन बंद, पेट्रोल गळतंय का बघा. उजवीकडे पडली असेल तर आधी साइडस्टँड बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचलून पलीकडे पाडाल. उचलताना गाडीकडे पाठ, नितंब सीटला टेकलेले, जोर पायांचा. आणि उभी केल्यावर चालू होत नसेल तर घाबरू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत कलण्याचा सेन्सर इंजिन बंद पाडतो; किल्ली एकदा बंद-चालू केली की लागते. अर्धा तास प्लग काढत बसलेले लोक मी पाहिलेत. मोबाइलला रेंज नसेल तिथं दोन्ही गटांकडे एकेक सॅटेलाइट मेसेंजर हवा, आणि तो कसा वापरायचा हे गटात किमान दोघांना यायला हवं. ज्याच्या खिशात तो आहे तोच बेशुद्ध पडला तर?

परत फिरण्याबद्दल निघण्याआधीच बोलून घ्या. आमचा नियम असा आहे की कोणीही, कुठल्याही क्षणी, कारण न देता "मी परत जातो" म्हणू शकतो आणि एक अनुभवी माणूस त्याच्यासोबत जातो. तो माणूस कोण, हे आधीच ठरलेलं असतं, म्हणजे तिथं कोणाचा चेहरा पडत नाही. आणि निम्म्यावर, पहिल्या मुक्कामी, प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारा, कसं वाटतंय. चारचौघांत विचारलंत तर सगळे "मस्त" म्हणणार.

शेवटची गोष्ट गावात पोचल्यावरची. संध्याकाळी सगळे खुशीत असतात, आणि परतीचेही तेच ३८० किलोमीटर आहेत हे कोणाच्या डोक्यात नसतं. गावात शिरल्या-शिरल्या, चहाच्या आधी, पंपावर जा आणि टाक्या व डबे दोन्ही भरून घ्या. अशा गावांत पेट्रोल टँकरने येतं आणि ते उद्या सकाळी असेलच असं नाही. मग स्वीपला हत्यारांची पिशवी उघडायला सांगा: ट्यूब किती उरल्या, दोऱ्या किती, कोणाची रेघ तुटली. तेवढं झालं की मग चहा.